गेटबाहेरून आईची अंघोळ

जेवणाची ट्रॉली ढकलणारी ती मावशी नसती, तर माझी आई वॉर्डात उपाशीच राहिली असती. म्हणून आधी तिचं सांगतो. नाव विचारायचं राहूनच गेलं. किटमधून डोळे तेवढे दिसायचे.

कोरोनाची दुसरी लाट यायच्या जरा आधी आई भंडाऱ्याकडच्या आमच्या गावाहून माझ्याकडे भिलाईला आली, अन् इथंच कोरोना होऊन दवाखान्यात भरती झाली. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, भिलाईतल्याच सुपेला भागात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. दवाखान्याचा नियम असा, की घरच्यांनी आत यायचं नाही, खबर फोनवर. फोनवाल्याला कोणाचंही नाव सांगा, तो "पेशंट स्टेबल है" म्हणून मोकळा. जास्त विचारलं तर म्हणे गेटवर जा. गेटवरचा गार्ड म्हणे फोन करा. तिकडून गावचा भाऊ ओरडे, "आईले तिकडं नेलंच कावून तू?"

मग एक दिवस डॉक्टरांचाच फोन आला. "तुमची आई काही खात नाही. असंच राहिलं तर नाकातून नळी टाकावी लागेल."

मला तिथंच समजलं. आई अंघोळ केल्याशिवाय घास तोंडात घालत नाही, अन् वॉर्डात अंघोळ कुठली! "साहेब, नुसतं अंग पुसून द्या न तिचं," म्हणेपर्यंत फोन कट. पळत गेटवर गेलो.

"अब माँ को नहलाने अंदर जाओगे?" गार्ड हसला. "नियम है भैया, नियम."

मी भांडत असताना बाजूच्या दारातून ती मावशी रिकामी ट्रॉली घेऊन आली.

"तोर दाई हे का, खिड़की तीर वाली? थारी ला छुवत घलो नइ हे." तिच्या छत्तीसगढीत ती विचारत होती, खिडकीजवळची ती तुझी आई का, ताटाला हातही लावत नाही.

मी कारण सांगितलं. ती म्हणाली, "अतकेच बात? मोर सास घलो अइसनेच हे." म्हणजे एवढंच ना, तिची सासूही अशीच.

संध्याकाळी तिनं दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच हाक मारली, "नहवा देंव! भात खा लिस!" अंघोळ घातली, अन् आईनं भात खाल्ला! ओल्या फडक्यानं अंग पुसून दिलं होतं, बस. मी गेट धरून रडलो, अन् गार्ड म्हणे, "भीड़ मत लगाओ." गर्दी कसली, मी एकटाच!

आई घरी आली. पहिली तक्रार काय, तर त्या बाईनं पाठ नीट घासली नाही.

मावशी, तुमच्या घरचं कोणी कधी आत असलं अन् तुम्हाला बाहेर अडवलं, तर मला आवाज द्या. सुपेल्यात कोणीही माझं दुकान दाखवेल. काम टाकून येईन, अन् तुमचा निरोप आत पोचेपर्यंत गेटवरून हलणार नाही.