फाऊल काढणारे आप्पा

दौंडच्या पूल टेबलावर मी काळा बॉल घालून जिंकलो, की कोपऱ्यातून आवाज येणारच, "फाऊल हाय." कुरकुंभच्या कंपनीतली पहिली पाळी संपवून आलेले हे आप्पा स्वतः खेळत नाहीत, पण भोक आधी सांगितलं न्हाई, पाय उचलला, असं काहीतरी काढतातच. "कंपनीत नियम मोडला तर हात जातो," म्हणतात. इथं कुणाचा हात जाणार आहे?

परवा वैतागून मी त्यांनाच खेळायला लावलं. शेवटचा काळा भोकाच्या तोंडाशी होता आणि मी हरल्यातच जमा होतो. आप्पांनी नेम धरला आणि स्टिक खाली ठेवली.

"बाही लागली पांढऱ्या बॉलला. फाऊल. तुमचा डाव."

कुणीच पाहिलं नव्हतं. मी जिंकलो, पण सगळी मजा घालवली माणसानं. माझी बाही आजवर किती वेळा लागली, ते मला एकट्यालाच ठाऊक. हल्ली मी अर्ध्या बाहीचा शर्ट घालून जातो.