कमी ऐकू येतं

आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला, तेव्हा तिला रोज मंद्रूपहून सोलापूरला ‘लाईट’ घ्यायला, म्हणजे किरणांच्या उपचाराला, नेण्याचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरात कन्नड. आईची मराठी बाजारापुरती, त्यामुळे दुभाष्याही मीच.

पहिल्या दिवशी मशीनवरच्या ताई मला भराभर म्हणाल्या, “बाटलीभर पाणी प्यायचं आणि पाऊण तास लघवीला जायचं नाही. मूत्राशय भरलं की आतडी वर सरकतात, किरणांतून वाचतात. आम्ही रोज आधी स्कॅन काढून बघणार.”

आसपास दहा माणसं. चाळिशीचा घोडा मी, पण आईसमोर तो शब्द तोंडातून निघेना. म्हणालो, “अव्वा, होट्टी तुंब नीर कुडी.” पोटभर पाणी पी. एवढंच. बाकीचं कळेल की तिला, म्हणत मोकळा झालो.

आई बाटली संपवायची आणि नंबर जवळ आला की संडासाकडे जाऊन यायची. परक्याच्या पलंगावर आडवं व्हायचं तर स्वच्छ होऊन, हा तिचा हिशेब. स्कॅनमध्ये मूत्राशय रिकामं. मग टेबलावरून उतरवायचे, पुन्हा पाणी, पुन्हा ताटकळणं. एकदा जेमतेम भरलेल्यावरच डॉक्टरांनी भागवून घेतलं. चौथ्या दिवशी मी सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसलो, “पाणी पितेस की ओततेस कुठं?”

ताईंनी मला आत नेऊन पडद्यावर खाली उतरलेली आतडी दाखवली. बाहेर येऊन सावकाश विचारलं, “आजींना लघवीचं सांगितलंय ना?”

आईने माझ्याकडे पाहिलं. माझी मान खाली.

“पोरगं सांगितलं व्हतं,” आई म्हणाली. “मलाच ऐकू आलं न्हाय.”

दोन घरं पलीकडची कुकरची शिट्टी मोजणारी माझी आई! आणि मी मेल्याने होकार भरला. ताईंनी कार्डावर लिहिलं, ‘कमी ऐकू येतं’, आणि तिला हातवारे करून सगळं समजावलं.

पुढे तिला जुलाबाचा फार त्रास झाला. तो कुणालाही होतो, असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटवून घेता येत नाही.

आता तपासणीला गेलो की कार्ड बघून नर्स तिच्या कानाशी ओरडते, “आजी, ऐकू येतंय का?” आई मुकाट्याने कानामागे हात धरते. मी शेजारीच उभा असतो.