कुलूपमावशींचं कटर

कुलूपमावशींनी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेले शब्द म्हणजे "राहू द्या." बावीस वर्षं त्यांनी कुलपांच्या कारखान्यात कुलपांच्या पोटात स्प्रिंगा बसवल्या, हे टोपणनाव तिथलंच. पुढे कारखान्यालाच कुलूप लागलं, आणि मावशी एका म्हाताऱ्या साहेबांची देखभाल करायला लागल्या. नऊ वर्षं केली. त्या घरात नळ गळाला, कडी निसटली, पंख्याचं बटण अडकलं की मावशींचे हात शिवशिवायचे. "मी बघू का?" म्हणायचा अवकाश, की साहेबांची मुलगी, म्हणजे ताई, म्हणायच्या, "राहू द्या मावशी, माणूस बोलावते." मग माणूस यायचा, दोन तास खटपट करायचा, चहा पिऊन जायचा, आणि आठवड्याभरात कडी पुन्हा निसटायची. मावशींनी तिथे फक्त उशा सारख्या करायच्या आणि गोळ्या द्यायच्या.

साहेब रोज संध्याकाळी एक सिगार ओढत. डॉक्टर रागवायचे, साहेब त्यांच्यावर रागवायचे, आणि सिगार चालू राहायची. सिगारचं एक टोक मिटलेलं असतं. ते छाटल्याशिवाय ओढता येत नाही. त्यासाठी साहेबांकडे चांदीचा मुलामा दिलेलं एक छोटं कटर होतं. मधे भोक, दोन्ही बाजूंना बोटं अडकवायला कड्या; कड्या आत दाबल्या की दोन पाती सरकत येऊन टोक उडवायची. शेवटच्या दोन वर्षांत ते अडकायला लागलं. साहेबांनी त्यावर जालीम उपाय शोधला: डोक्याला लावायचं तेल. आधीच तंबाखूचा चिकटा, त्यात हे तेल, म्हणजे आगीतून फुफाट्यात. "उघडून साफ करायला पाहिजे साहेब," मावशी म्हणाल्या. त्यावर ताई काय म्हणाल्या, ते सांगायला नकोच. माणूस आला. त्याने कटर खालीवर करून पाहिलं आणि निकाल दिला, "हे उघडत नाही. नवीन घ्या." साहेबांनी नवीन घेतलं नाही. ते दातांनी टोक तोडू लागले, आणि ते दातही त्यांचे स्वतःचे नव्हते.

साहेब गेले. पंधरा दिवसांनी ताईंनी मावशींना निरोप दिला आणि टेबलाचा खण आवरता आवरता ते कटर त्यांच्या हातात ठेवलं.

"बाबांची आठवण म्हणून ठेवा तुमच्याकडे. तसंही मोडकंच आहे, टाकूनच देणार होते."

दोन्ही वाक्यं एका दमात. पदरी पडलं आणि पवित्र झालं, असं म्हणून मावशींनी ते पिशवीत टाकलं. पण घर येईपर्यंत त्यांचं डोकं तापलेलं होतं. नऊ वर्षांची आठवण, तीही मोडकी. आणि मोडकी होती म्हणूनच त्यांच्या वाट्याला आली होती.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि त्यात मावशी आणि त्यांची धाकटी बहीण. धाकटी टायपिस्ट म्हणून निवृत्त झाली होती. तिची बोटं थांबली होती, जीभ अजून नोकरीत होती.

"अगं आक्का, आता या वयात सिगार ओढणार का काय?"

"ओढीन नाहीतर नाही ओढणार. आधी हे चालायला पाहिजे."

"कशाला त्याच्या खनपटीला बसतेस? उघडत नाही म्हणाला ना तो माणूस?"

"माणसानं बंद केलंय ना? मग माणूस उघडेल," मावशी म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

कटरला चार बारीक स्क्रू होते, आणि त्यांची डोकी चांदणीसारखी. कुठलंच साधं पेचकस त्यात शिरेना. ते तसे केलेच होते लोकांनी उघडू नये म्हणून, आणि हे लक्षात आल्यावर मावशी जास्तच पेटल्या. त्यांनी एक जुना दाभण घेतला, त्याचं टोक धार लावायच्या दगडावर घासलं, बसवून पाहिलं, पुन्हा घासलं. दोन दुपारी त्यात गेल्या. तिसऱ्या दुपारी ते चपटं टोक चांदणीच्या दोन खाचांत आडवं बसलं आणि पहिला स्क्रू करकरत फिरला. मावशींनी त्या माणसाला उद्देशून एक शब्द वापरला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

कारखान्यातल्या बायकांच्या दोन रीती होत्या. स्प्रिंग असलेली वस्तू प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत हात घालून उघडायची, म्हणजे स्प्रिंग उडाली तरी पिशवीतच पडते. आणि निघालेला प्रत्येक भाग त्याच क्रमाने, त्याच कुशीवर, डावीकडून उजवीकडे ओळीत मांडायचा. ओळ पुरी होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मावशींनी पहिली रीत पाळली. केसासारख्या दोन स्प्रिंगा टुणकन उडाल्या त्या पिशवीतच. दुसरी मात्र मोडली, कारण नेमकं पातं काढताना धाकटीने विचारलं, "समजा, दुरुस्त झालं आणि ताईंनी परत मागितलं तर?"

"मागून तर बघू दे!" मावशी कडाडल्या आणि पातं ठेवून दिलं.

घरात उरलेलं इंजेक्शनाचं स्पिरिट आणि दात कोरायच्या काड्या घेऊन त्यांनी काळा चिकटा खरवडून काढला. सगळं पुन्हा जुळवलं. कड्या झकास सरकल्या. धाकटी फरसबी निवडत होती, तिच्यातली एक शेंग मावशींनी भोकात घातली आणि दाबलं. शेंग चेंगरली. दुसरी घातली, तीही चेंगरली.

"राहू दे आक्का," धाकटी हळूच म्हणाली.

मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं की ती शेंगांचं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. मावशींचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच त्यांना राग येत होता. मग त्यांनी शिवणाच्या डब्यातली कात्री उचलली आणि उगाच उघडमीट करत राहिल्या. कात्रीच्या दोन पात्यांच्या सपाट बाजू एकमेकींना घासत जातात. उतरत्या बाजू बाहेर असतात. कटरमध्ये एक पातं पालथं पडलं होतं. बोलल्याचा परिणाम. त्यांनी पुन्हा पिशवी घेतली, पुन्हा चारही स्क्रू काढले, आणि या वेळी ओठ घट्ट मिटून ओळ मांडली.

तिसरी शेंग कचकन तुटली. मावशींनी एकामागून एक अकरा शेंगांची दोन्ही टोकं उडवली आणि धाकटीला हाक मारली.

तेव्हापासून त्या घरात शेंगा सुरीने निवडल्या गेल्या नाहीत. महिन्याभराने ताई आल्या, साहेबांच्या कपाटाची किल्ली कुठे असायची ते विचारायला. मावशींनी सांगितलं, "घड्याळामागे." पण ताईंचं लक्ष ताटाकडे होतं.

"हे बाबांचं कटर? आणि याने तुम्ही शेंगा कापताय?" त्यांनी ते उचलून दाबून पाहिलं. "चालतंय की! कोणाकडून करून घेतलंत?"

"मीच केलं."

"असं होय," ताई म्हणाल्या, म्हणजे त्यांनी ऐकलंच नाही. "मावशी, राग मानू नका, पण चालू आहे तर ते घरातच राहिलेलं बरं. दादा येतोय पुढच्या महिन्यात. काचेच्या कपाटात ठेवू. तुम्हाला मी चांगली सुरी आणून देते."

मावशींनी हात पुढे केला, ताईंच्या हातातून कटर घेतलं, खणातून पिशवी आणि दाभण काढला. ताई बोलत राहिल्या, दादाबद्दल, काचेच्या कपाटाबद्दल. मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. चार स्क्रू, वरचं झाकण, दोन पाती, दोन स्प्रिंगा, खालचं झाकण: सगळं टेबलावर ओळीत मांडून झालं, तेव्हा ताईही गप्प झाल्या होत्या.

"घ्या," मावशी म्हणाल्या. "मोडकं दिलं होतंत. दिलंत तसं परत."

"अहो, पण आता हे जोडणार कोण?"

"माणूस बोलवा."

ताई लाल झाल्या. त्यांनी एक स्प्रिंग चिमटीत धरली, ती निसटून टेबलावर टिचकन उडाली, आणि मावशींनी ती न पाहता तळहाताखाली दाबली. ताईंनी पर्स खांद्याला लावली. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. टेबलावरच्या ओळीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि जिना उतरायला लागल्या.

जिन्यावरच्या पावलांचा आवाज थांबेपर्यंत मावशींनी तळहात उचलला नाही. मग पिशवी पुढे ओढली आणि पहिलं पातं उचललं.

धाकटीने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. ताटात अजून निम्म्या शेंगा राहिल्या होत्या.