धारच्या बंदरात न बुडणारा नारळ

मंडळी, आज माझी एक गंभीर तक्रार ऐकून घ्या. मी सोडलेला नारळ बुडत नाही, वाहूनही जात नाही, नुसता बसून राहतो.

तुम्ही कोकणवाले या ग्रुपवर आपापल्या बंदरांचे फोटो टाकता. आमचं बंदर म्हणजे धारचा तलाव, काठाच्या पायऱ्या आणि माझा मित्र बाळू याची एकुलती एक लाकडी नाव. नारळी पौर्णिमेला आमची चार मराठी घरं त्या नावेतून तलावाच्या मध्यावर जाऊन नारळ सोडतात. पूर्वज माळव्यात येताना सण घेऊन आले, समुद्र तेवढा मागे राहिला.

आज नाव काठावरून हललीच नाही. सगळा तलाव जलकुंभीनं, म्हणजे तुमच्याकडच्या जलपर्णीनं, भरलाय. बाळूनं वल्हं मारलं, तर तेही तिच्या मुळांत अडकलं.

“भिया, अब रहने दे,” तो म्हणाला. “नाव ढाबेवाल्याला देऊन टाकली. उद्या नेणार. तिच्यात कुल्फीचं काउंटर लावतोय.”

“चला, तिथं तरी नावेत कोणी चढेल,” त्याची बायको म्हणाली.

शेवटी आम्ही पायरीवरूनच नारळ फेकले. सगळे हिरव्या पानांवर जाऊन बसले.

तुमच्या बंदरात अजून पाणी दिसतं का हो?

सगळे गेल्यावर मी पुन्हा पायऱ्या उतरलो. मागच्या वर्षी तापामुळे माझा नारळ राहिला होता आणि “पुढच्या वेळी दोन सोडीन” असं तलावाला कबूल केलं होतं. दुसराही सोडला. तो पहिल्याच्या शेजारी जाऊन बसला.