एकशे चार ऑक्सिजन

"तुमच्या मिस्टरांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय," असं फोनवर कळलं, तेव्हा मी शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला बाही जोडत होते. कान फोनकडे आणि पाय मशीनवर. फोन संपला तेव्हा बघते तर बाही उलटी जोडली गेलेली.

खरं तर मी दोन दिवस आधीच ओळखलं होतं. घरात सुकट भाजली आणि आमच्या ह्यांना वास आला नाही! मालवणचा माणूस. सुकटीचा वास जिन्यात आला तरी ह्यांची पावलं भरभर पडतात. मी म्हटलं, काहीतरी बिनसलंय. दुसऱ्या दिवशी ताप चढला. मग पालिकेच्या केंद्रावर जाऊन आरटी-पीसीआर केली. म्हणजे नाकात आणि घशात कापसाची काडी फिरवून विषाणू आहे का ते बघतात. दोघांची केली. माझी निगेटिव्ह आली, ह्यांची पॉझिटिव्ह.

हे सगळं मी लिहितेय ते माझ्यासारख्या शहाण्या बायकांसाठी. मी किती शहाणी, ते पुढे कळेलच.

आम्ही वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच दुपारी पालिकेची माणसं आली. दारावर कागद चिकटवला, चौदा दिवस बाहेर पडायचं नाही म्हणून. जिन्यात फवारणी केली. कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा ठेवा म्हणाले. मला इतका राग आला! चोर पकडल्यासारखा आमच्या दाराला कागद? संध्याकाळी पालिकेची रोजची यादी सोसायटीच्या ग्रुपवर आली. नाव नसायचं त्यात, नुसतं 'पुरुष, ५७, एव्हरशाईन'. पाच मिनिटांत अख्ख्या बिल्डिंगला कळलं कोण ते. मी दार बंद करून मुसमुसून रडले.

पण त्याच यादीमुळे समोरच्या सावंत वहिनींना कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या दाराबाहेर स्टुलावर दोन वेळचा डबा यायला लागला. हे मान्य करायला मला चार दिवस लागले.

आरोग्य केंद्राच्या आशाताई गोळ्या आणि ऑक्सिमीटर देऊन गेल्या. ऑक्सिमीटर म्हणजे बोटाला लावायचा चिमटा, रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगणारा. त्यांनी दारातूनच ह्यांच्या बोटाला लावून दाखवला. "हा आकडा बघायचा ताई. चौऱ्याण्णवच्या खाली आला की लगेच कळवायचं." त्या नीट बोट ठेवून दाखवत होत्या. माझं लक्ष कुठे होतं? वरच्या मजल्यावरून कोण वाकून बघतंय, तिकडे. मला दिसले दोन आकडे, सत्त्याण्णव आणि चौऱ्याऐंशी. मी मनात पक्कं केलं की मोठा तो ऑक्सिजन.

तीस वर्षं टेपवरचे आकडे वाचणारी बाई मी. मला काय कुणी शिकवायचं!

रोज सकाळी दहाला पालिकेच्या कोविड कक्षातून फोन यायचा. वैशालीबाई नावाच्या पालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका होत्या, शाळा बंद म्हणून त्यांना ही ड्यूटी लागली होती. ताप किती, खोकला आहे का, जेवण जातंय का, ऑक्सिजन किती, हे सगळं त्या वहीत लिहून घ्यायच्या. रोज तेच प्रश्न, त्याच शांत आवाजात. मी वैतागायचे. तिसऱ्या दिवशी तर सरळ म्हटलं, "अहो बाई, किती वेळा तेच विचारता? आम्ही काय पळून चाललोय?"

"नाही ताई, विचारायचं असतं," एवढंच म्हणाल्या. वर "तुम्ही जेवलात का?" असंही विचारलं.

चौथ्या दिवशी मी आकडा सांगितला शहाण्णव. पाचव्या दिवशी नव्व्याण्णव. मी खूश! पालिकेच्या डॉक्टरांनी फोनवर प्रोनिंग करायला सांगितलं होतं, म्हणजे पालथं झोपून श्वास घ्यायचा. मी ह्यांना जबरदस्तीने तासतासभर पालथं झोपवत होते, त्याचाच हा गुण असं मला वाटलं. ह्यांचं बोलणं कमी झालं होतं, ओठ सुकलेले दिसत होते. मी म्हटलं, तापाने थकवा येणारच. आकडा बघा ना, आकडा!

सहाव्या दिवशी चिमटा लावला आणि मी ओरडलेच, "अहो, एकशे चार!" फोन आल्या आल्या वैशालीबाईंनाही तसंच ऐटीत सांगितलं. "लिहा बाई, आज एकशे चार."



"ताई, मी दुसरीला गणित शिकवते," बाई म्हणाल्या. "ऑक्सिजन शंभराच्या वर जात नाही. तो टक्क्यात असतो. चिमटा परत लावा आणि दोन्ही आकडे वाचा. सावकाश. मी आहे फोनवर."

मी चिमटा ह्यांच्या बोटाला परत लावला. "एक एकशे तीन. दुसरा... दुसरा सत्त्याऐंशी."

"ऑक्सिजन सत्त्याऐंशी आहे, ताई. तुम्ही मला नाडी सांगत होतात. म्हणजे हृदयाचे ठोके. आजार वाढला की ते वाढतात."

दोन दिवस! दोन दिवस ह्यांचा ऑक्सिजन उतरत होता आणि मी आनंदाने फुगत होते. त्या बाई मला एक शब्दही टाकून बोलल्या नाहीत. "रडायला नंतर वेळ आहे. आता त्यांना उशांना टेकवून बसवा, एका पिशवीत आधार कार्ड, चार्जर, टॉवेल, रोजच्या गोळ्या भरा. गाडी सांगते मी. फोन ठेवू नका." एका हातात दुसरा फोन घेऊन त्या गाडीसाठी, खाटेसाठी बोलताना मला ऐकू येत होतं. आवाज पहिल्यांदाच चढलेला. "नाही सर, संध्याकाळी नाही. आत्ता."

पिशवी भरता भरता मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला दम लागत नव्हता का हो?"

"लागत होता की," हे म्हणाले. वाक्य पुरं करायला दोनदा थांबले. "पण तू आकडा वाचून इतकी खूश व्हायचीस... म्हटलं, मलाच उगाच वाटत असेल."

मी त्यांच्या पायात मोजे घातले.

गाडी आली. मला सोबत जाता येत नव्हतं, माझेही चौदा दिवस पुरे व्हायचे होते. गाडीचे चालक मिठागराकडच्या गावातले, पन्नाशीचे. पीपीई किटचा पांढरा झगा घालून घामाने निथळत होते. मला दारातच हुंदका फुटला तर म्हणाले, "काकी, घाबरू नको. पानी दिलंस ना बाटलीत? मग झालं. मी पोचवतो त्याला आत, खाटेपर्यंत." आणि खरंच, वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. "काकी, खाटेवर बसवला. ऑक्सिजन लावला." हे काही त्यांचं काम नव्हतं.

मग सुरू झालं वाट बघणं. माझी वेटिंग रूम म्हणजे आमचा हॉल. शिलाई मशीन, बंद दार, खाली रस्त्यावरून मास्क लावा म्हणत फिरणारी भोंग्याची रिक्षा. ह्यांना पालिकेच्या ज्या कोविड केंद्रात ठेवलं होतं, तिथून रोज संध्याकाळी डॉक्टरांचा फोन यायचा. पहिल्या दिवशी मी त्यांना सगळं खरं सांगून टाकलं, दोन दिवस चुकीचा आकडा दिला म्हणून. त्या तरुण डॉक्टर म्हणाल्या, "आणखी एक दिवस घरी काढला असता, तर मला तुमच्याशी वेगळं बोलावं लागलं असतं. तसं झालेलं नाही. व्हेंटिलेटर लागलेला नाही. आपण तिथून पुढे बघू."

व्हेंटिलेटर म्हणजे श्वास घेण्याचं काम करणारं मशीन. ते लागलेलं नाही, हे वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा स्वतःशी म्हटलं असेन!

दहाचा फोन आता यायचं कारण नव्हतं. पेशंट केंद्रात गेला की बाईंच्या वहीतून त्याचं नाव निघतं. तरी तो यायचाच. "आता तुमची चौकशी करते," बाई म्हणायच्या. "तुम्हाला ताप? खोकला? जेवलात?" मी शहाण्या मुलीसारखी उत्तरं द्यायचे.

तेव्हा मला दिसायला लागलं की हे सगळं कोण ओढतंय. गणिताची बाई, आशाताई, गाडीचे चालक, रोज यादी बनवणारा कुणी कारकून. बहुतेकांचं हे शिकलेलं काम नव्हतं. घरी त्यांचीही माणसं होती. मी त्यांच्यावर खेकसले होते.

तुमच्या घरी तो चिमटा असेल, तर बोटाला लावायच्या आधी कुठला आकडा कशाचा ते दोनदा विचारा. मोठ्याने विचारा. लाज बाळगू नका. माझ्या शहाणपणाने माझा नवरा जाता जाता राहिला.

केंद्रात गेल्यापासून नवव्या दिवशी हे घरी आले. पाच किलोंनी उतरलेले, दाढी पांढरी झालेली. दारात उभे राहून म्हणाले, "कागद काढला वाटतं." हात धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं आणि आधी वैशालीबाईंना फोन लावला.

"बाई, हे आले घरी."

"थांबा हं, ताई." फोन बाजूला धरल्याचा आवाज आला, मग वर्गात हाक मारावी तसा त्यांचा खणखणीत आवाज. "अगं ऐका गं सगळ्या, एकशे चारवाले काका घरी आले!"

टाळ्या. किती तरी हातांच्या. कुणीतरी "अरे वा!" ओरडलं. ज्यांनी ह्यांना कधी बघितलं नव्हतं, त्या खोलीतल्या सगळ्यांना आमचा आकडा पाठ होता. मी फोन ह्यांच्या कानाला लावला. हे ऐकत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

मला बाईंची माफी मागायची होती, खूप काही बोलायचं होतं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "ताई, ठेवू का? तुळिंजच्या एक आजी एकट्या आहेत, त्यांचा फोन लागत नाहीये सकाळपासून."

"ठेवा, ठेवा," मी म्हटलं. "आधी त्यांना लावा."