समोरच्या घरातली घंटा

मंगळवारी दुपारी बाबा गेले. त्यांच्या उशाशी बिनतारी घंटेचं बटण होतं. ते दाबलं की स्वयंपाकघरात घंटा वाजायची. पण समोरच्या काकूंच्या दाराचं बटण दाबलं तरी माझी घंटा वाजायची, आणि बाबांच्या बटणाने त्यांची. दोन्ही घंटांचा कोड एकच होता; काकूंच्या घंटेचा बदलता येत होता, माझ्या घंटेला ती सोय नव्हती. मी काकूंना तो बदलायला तीनदा सांगितलं.

"अगं, करू की. तू लगेच उठत जाऊ नकोस, आमचा कुरिअरवाला असतो," काकू हसून म्हणाल्या.

न उठायची मला सवय झाली. त्या मंगळवारी घंटा दोनदा वाजली आणि मी हातातलं पान वाचून संपवलं.

हवेला भिंती नसतात. एकाची हाक दोन घरांत पोचते आणि दोन्ही घरांना ती दुसऱ्याची वाटते.

आता काकू जेवून आडव्या झाल्या की मी बाबांचं ते बटण दाबते. त्या दार उघडून रिकाम्या जिन्याकडे पाहत राहतात. काल मला दारात पाहून त्यांनी विचारलं, "कोणी आलं होतं का गं?"

"नाही, काकू."

कोड त्यांनी अजून बदललेला नाही. मी बटणात नवा सेल घातला आहे.