नर्समावशीची वाटी

नर्समावशीच्या पर्समध्ये चष्मा सापडेलच असं नाही, पण स्टीलची छोटी वाटी हमखास सापडायची. नाशिकच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत ती वाटी सगळ्यांना ठाऊक होती. मावशी मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. आपल्यापैकी कुणाचं बाळ जगत नाही असं दिसलं आणि चर्चचे पाळकसाहेब यायला उशीर असला, की आईबापांना विचारून ती वाटीत पाणी घ्यायची आणि बाळाच्या कपाळावर घालून बाप्तिस्मा द्यायची. आमच्या मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला, ते मान्य होतं. कोपऱ्यावरच्या कॅथलिक चर्चचे फादरही त्याला मान डोलवायचे, आणि या दोघांचं एकमत होणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

असं पहिलं पाणी तिनं घातलं ते स्वतःच्या थोरल्याला, शमूला. बाळंतिणीच्या खाटेवरूनच. त्याच दिवशी तो गेला. कबरस्तानात त्याच्या दगडावर तिनं येशूचं 'बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या' एवढंच वचन कोरून घेतलं. त्याच्यासाठी रडताना मी तिला कधी पाहिलं नाही. "माझं लेकरू प्रभूच्या नावानं गेलंय, त्याची काळजी नाय मला," असं म्हणून ती भाजी निवडायला घ्यायची.

काळजी लावली ती धाकट्या सुहासनं. तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला लागला आणि नाशिकरोडच्या एका नव्या मंडळीत जाऊ लागला. पोरगा मुळात गुणी. दारू नाही, सिगारेट नाही, आईला रोज फोन. पण तिथं तो शिकला, की आधी विश्वास आणि मग बाप्तिस्मा, तोही पूर्ण पाण्यात बुडून. तान्ह्या बाळाला कुठला विश्वास? म्हणजे त्याच्या कपाळावरचं पाणी हे नुसतं पाणीच.

त्याला मुलगी झाली तेव्हा बाप्तिस्मा झाला नाही, बाळाला देवाच्या हाती सोपवायची, अर्पणाची प्रार्थना झाली. मावशी मला सोबत घेऊन गेली. तिथं प्रार्थना चालवणाऱ्या ब्रदरनी वाचायला घेतला तो नेमका शमूच्या दगडावरचा उतारा. आमच्याकडे तो बाप्तिस्म्याच्या वेळी वाचतात. मावशी माझ्याकडे बघतच राहिली. रिक्षापर्यंत सोडायला आलेला सुहास तिला समजावत होता, "आई, प्रभूनं लेकरांना कुशीत घेतलं, आशीर्वाद दिला. पाणी घातलं असं कुठं लिहिलंय?"

"नाय लिहिलं," मावशी म्हणाली. "पण त्यांना अडवू नका, असं लिहिलंय ना?"

मला विचाराल तर दोघंही बरोबरच वाचत होते, आणि त्याचाच मला राग यायचा. एकानं जरी चुकीचं वाचलं असतं तर भांडून मोकळं होता आलं असतं.

पुढे मावशीचं हृदय कमजोर झालं. सुहास आता त्याच्या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर, वाटायचा. त्याच्या हातची ती भाकर एकदा घ्यावी, एवढीच तिची इच्छा उरली होती. पण पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतल्याशिवाय ती तिथं मिळत नसे. "एकदाच उतर ना गं, आई," म्हणत सुहास रडायचा. शेवटी ती तयार झाली. त्यांचे बाप्तिस्मे निफाडकडच्या एका द्राक्षबागेतल्या शेततळ्यात होत. पांढरी साडी नेसून मावशी काठावर गेली, चपला काढल्या, उतरायला लावलेला दोर हातात घेतला, आणि तिथंच खाली बसली.

"सुहास, मी यात उतरले तर माझं लहानपणचं पाणी खोटं. मग शमूचंही खोटं. त्याला आता मी कुठून आणू रे, बुडवायला?"

सुहासनं तिच्या हातातला दोर सोडवला आणि चपला तिच्यापुढे ठेवल्या. त्यानंतर त्यानं तिला कधी आग्रह केला नाही, आणि भाकरही दिली नाही.

मावशी गेली तेव्हा आमच्याच चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि तिला शमूशेजारी जागा मिळाली. माणसं पांगली तरी सुहास तिथंच उभा होता. "ताई, वाटी कुठंय?" त्यानं मला विचारलं. पर्स माझ्याकडेच होती. त्यानं नळावरून वाटी भरून आणली, शमूच्या दगडावर पाणी ओतलं आणि अक्षरांतली माती बोटानं काढत बसला. हा बदलला, असं मला वाटलं. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं.

"शास्त्र मी अजून तसंच वाचतो, ताई," तो वर न बघता म्हणाला. "पण आईला मी उपाशी पाठवलं."